गावातलं दारूचं दुकान मतांनी कसं बंद करायचं: एक हरलेलं आणि एक जिंकलेलं मतदान

आमच्या गावात पहिलं मतदान झालं तेव्हा आडव्या बाटलीला ५७४ मतं पडली, उभ्या बाटलीला ९८. दुकान मात्र चालूच राहिलं.

आकडे ऐकल्याबरोबर शाळेच्या मैदानात बायकांनी गुलाल उधळायला सुरुवात केली होती. गुलाल कुणी आणला कोण जाणे, बहुतेक सरपंचाच्या निवडणुकीतला उरलेला असणार. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि पुढचा कागद वाचला. गावातल्या एकूण महिला मतदार ११८४. निम्म्याहून जास्त म्हणजे ५९३ मतं आडव्या बाटलीला हवीत. १९ कमी पडली, त्यामुळे दुकान बंद होणार नाही. माझ्या शेजारी शालनवहिनी उभ्या होत्या, कपाळभर गुलाल. त्या म्हणाल्या, "बाई, जवळजवळ सहापट मतं पडली की आपल्याला. मग हरलो कसं?"

मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. गरोदर बायांची यादी, लसीची यादी, वजनाचा तक्ता, सगळा जन्म याद्या करण्यात गेला. आणि नेमकी मतदार यादी मी उघडून बघितली नव्हती. दीड वर्षानं दुसरं मतदान झालं, ते आम्ही जिंकलो. मधल्या काळात काय शिकलो ते लिहून काढते आहे, कारण दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी गावातून फोन येतो आणि मी तेच तेच सांगत बसते.

कायदा, कामापुरता

राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानं हा अधिकार मिळालेला आहे. खेड्यात ग्रामपंचायतीच्या हद्दीत, शहरात वॉर्डात. तिथल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सह्यांचा अर्ज दिला, की राज्य उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं. सह्या खऱ्या निघाल्या की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं.

'यादीतल्या एकूण' हे शब्द भिंतीवर लिहून ठेवा. आमदार, खासदार निवडून येतात ते पडलेल्या मतांवर. इथं तसं नाही. जी बाई मत द्यायला आलीच नाही, तिचं मत उभ्या बाटलीला पडल्यासारखं आहे. म्हणून दुकानाच्या बाजूच्या लोकांना एकही मत मागावं लागत नाही. बायका त्या दिवशी घरात राहिल्या तरी त्यांचं काम होतं.

अर्ज महिलांच्या वतीनं करता येतो, तसा सगळ्या मतदारांच्या वतीनंही करता येतो. आम्ही महिलांचाच केला. पुरुषांत आमच्या बाजूचे पुष्कळ होते, पण पारावर एक बोलतील आणि पडद्यामागे काय करतील याची खात्री त्यांची त्यांनाही नव्हती.

अजून एक. हे मतदान परवाना असलेल्या दुकानासाठी आहे. टपरीत चोरून विकतात किंवा ओढ्याकाठी हातभट्टी लागते, त्याला मतदान कशाला, तो गुन्हाच आहे. तिथं पोलीस आणि उत्पादन शुल्क खातं. गावात परवाने किती आणि कसले (देशीचं दुकान, बिअर शॉपी, वाईन शॉप, परमिट रूम) हे अर्जाआधीच उत्पादन शुल्क कार्यालयातून लेखी मागा आणि मतदानानं यातलं काय काय बंद होणार तेही त्याच पत्रात विचारा. शेजारच्या गावात देशीचं दुकान बंद झाल्यावर बायकांना कळलं की नाक्यावरच्या ढाब्याकडेही परवाना होता.

यादी

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. सह्या, मोर्चा, घोषणा सगळं नंतर.

यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून उतरवता येते, किंवा तुमच्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या माणसाकडे असते. बीएलओ बहुतेक गावात शाळेचे गुरुजी नाहीतर अंगणवाडी सेविका, म्हणजे ओळखीचंच माणूस. दोन प्रती काढा. एक घरात ठेवायची, दुसरी घेऊन फिरायचं, कारण फिरवलेल्या प्रतीवर चहा सांडतोच.

आम्ही सहाजणींनी गल्ल्या वाटून घेतल्या आणि प्रत्येक नावापुढं खूण केली. गावात आहे, बाहेरगावी आहे पण येते, कायमची गेली, वारली, नाव दोनदा आहे. तीन आठवडे लागले. माझ्या वाट्याला आमचीच आळी आली आणि तिसऱ्या पानावर माझ्या सासूबाईंचं नाव निघालं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. जन्मभर दारूच्या नावानं बोटं मोडत गेल्या त्या बाई, आणि मेल्यावर उभ्या बाटलीला मत देऊन बसल्या होत्या. तसं बघितलं तर दोष माझाच. मृत्यूचा दाखला काढला, सातबाऱ्यावरचं नाव कमी केलं, यादीतलं कमी करायचं डोक्यातच आलं नाही.

अशी वारलेल्यांची ३८ नावं निघाली, दोनदा असलेली ९, आणि लग्न होऊन किंवा घर हलवून कायमच्या गेलेल्या १६. नाव कमी करायला फॉर्म ७ भरायचा असतो. वारलेल्या माणसाच्या फॉर्मला मृत्यूचा दाखला जोडा, काम लवकर होतं. लग्न होऊन गेलेल्या मुलींना मात्र आम्ही फोन करून सांगितलं की तुझ्या सासरी फॉर्म ८ भर आणि नाव तिकडं हलव. असं केलं तर तिचा मताचा हक्क जात नाही. परस्पर फॉर्म ७ टाकू नका. खोटी माहिती देऊन कुणाचं नाव उडवणं गुन्हा आहे आणि दुकानाची बाजू तेवढ्याचीच वाट बघत असते.

उलट बाजूनंही काम असतं. गावात आलेल्या नव्या सुनांची नावं माहेरच्या यादीत असतात, त्या फॉर्म ८ भरून इकडं येतात. नुकत्याच अठरा पूर्ण झालेल्या मुलींना फॉर्म ६. अशी २२ नावं वाढली. हिशेब असा झाला: ११८४ मधून ६३ गेली, २२ आली, राहिल्या ११४३. आता निम्म्याहून जास्त म्हणजे ५७२ मतं. पहिल्या वेळेला आम्हाला ५७४ पडली होती! त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात सहा बायका नुसत्या एकमेकींकडं बघत बसल्या. दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.

यादी आधी साफ करा आणि अर्ज नंतर द्या, हे यावरून कळलंच असेल. नाव कमी व्हायला, वाढायला वेळ लागतो, आणि अर्ज गेल्यावर घाई तुमच्या हातात राहत नाही.

सह्या

२५ टक्के लागतात म्हणून २५ टक्केच गोळा करू नका. पहिल्या वेळी आम्हाला २९६ सह्या पुरल्या असत्या. आम्ही ४१२ नेल्या आणि पडताळणीत ३३१ टिकल्या. बाकीच्या का गेल्या? यादीत 'शालिनी' आणि सही 'शालन'. यादीत माहेरचं आडनाव, सही सासरच्या नावानं. एका घरातल्या तिघींच्या सह्या एकाच अक्षरात, कारण सुनेनं सासूची आणि जावेचीही उरकून टाकली. काही जणी तर साहेबांसमोर उभ्या राहिल्यावर म्हणाल्या, "मी नाही केली सही." त्यांच्यावर राग धरू नका. घरात कुणी काय सांगितलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

वहीला रकाने आखून घ्या: यादीचा भाग, यादीतला अनुक्रमांक, यादीत छापलंय तसंच्या तसं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, सही किंवा अंगठा, तारीख. पानाच्या डोक्यावर मागणी पुन्हा लिहा, प्रत्येक पानावर. नाहीतर उद्या कुणी म्हणेल की आम्ही तर रस्त्यासाठी सही केली होती. अंगठ्याचं शाईपॅड चांगलं घ्या. पडताळणीच्या तारखेला सगळ्या जणी गावात असतील असं बघा आणि घोळक्यानं जा. एकटीदुकटी बाई टेबलासमोर बावरते.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं, प्रत उत्पादन शुल्क अधीक्षकांना, प्रत तहसीलदारांना. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासकट. पोच न घेता परत आलात तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आमचा अर्ज एका कार्यालयात अडीच महिने पडून होता. "साहेब मीटिंगला गेलेत" हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकलं की शिपाई मला बघूनच म्हणायला लागला. शेवटी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात विचारलं: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली? उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते. आमची फाईल अकराव्या दिवशी हलली.

रविवारचा तोडगा

हे सगळ्यांनाच कधी ना कधी समोर येतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं मतदान हरल्यावर महिनाभरात दुकानाच्या बाजूनं एक माणूस निरोप घेऊन आला. माझ्या ओट्यावर बसून चहा प्याला आणि म्हणाला, "बाई, गावात कशाला वाकडेपणा? आम्ही दर रविवारी दुकान बंद ठेवतो. तुम्ही पुन्हा अर्ज करू नका." आमचा आठवडी बाजार रविवारी. मजुरांची आठवड्याची हजेरीही रविवारीच हातात पडते. म्हणजे धंद्याचा सगळ्यात मोठा दिवस सोडायची त्याची तयारी होती. माझे दीर, आम्ही त्यांना नाना म्हणतो, गावचे माजी सरपंच. ते म्हणाले, "वहिनी, घ्या पदरात. सातात एक दिवस तर एक दिवस."

आम्ही अर्जाबद्दल शब्द दिला नाही, पण म्हटलं, करून दाखवा. चार रविवार दुकान बंद राहिलं.

पहिल्या रविवारी खरंच फरक पडला आणि तो मी नाकारणार नाही. भाजीवाल्या बायका एरवी चारलाच गोणी आवरतात, कारण त्यानंतर अंगावर येऊन पडणारे सुरू होतात. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत बसल्या. आमच्या गल्लीतली एक बाई दर बाजारी वाटीभर सुटं तेल नेते. तिनं लिटरची पिशवी घेतली आणि ती दोन्ही हातांत धरून घरी गेली, जशी काही फुटणार होती.

दुसऱ्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळीच दुकानासमोर रांग. हजेरी उद्याची, दारू आज उधारीवर. तिसऱ्या रविवारी नाक्यावरच्या टपरीत चपटी तीस रुपये जास्तीनं मिळायला लागली. चौथ्या रविवारी तीन पोरं एका मोटरसायकलवरून शेजारच्या गावी पिऊन परत येताना ओढ्याच्या पुलावरून खाली गेली. जिवावर बेतलं नाही, एकाच्या पायाला प्लास्टर. पाचव्या रविवारी दुकान उघडलं. आम्ही विचारायला गेलो तर म्हणे, "तुम्ही तरी कुठं लिहून दिलं होतं?"

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. फोनवर हे सांगितलं तर तो हसायला लागला. टेक्सासमध्ये व्हिस्की, रमची दुकानं कायद्यानंच रविवारी बंद असतात आणि इतर दिवशी रात्री नऊला. बिअर आणि वाईन मात्र रविवारीही किराणा दुकानात सकाळी दहानंतर मिळते. मी विचारलं, मग रविवारी कुणी पीत नाही का रे? म्हणाला, "मावशी, शनिवारी रात्री पावणेनऊला दुकानापुढं गाड्या बघ." तिथं हा रविवार चर्चच्या दिवसामुळं आला. आपल्याकडं दोन ऑक्टोबर असतो, मतदानाआधीचे अठ्ठेचाळीस तास असतात, आणि मिरवणुकीच्या वेळी जिल्हाधिकारी दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली दुकानं बंद करतात. मिरवणुकीपुरतं ते ठीकच आहे, त्या दिवशी डोकी फुटू नयेत एवढाच हेतू असतो. पण घरातला पैसा वाचावा म्हणून आठवड्यातला एक वार बंद ठेवायचा, हे मला पटलेलं नाही. पिणाऱ्याला कॅलेंडर पाठ असतं. आणि वार कुणी ठरवायचा? मुंबईत बसलेल्यानं रविवार ठरवला तर शेजारच्या गावाचा बाजार मंगळवारी आहे, त्यांनी काय करायचं? दुकानाच्या वाऱ्यात राहणाऱ्यांना ते ठेवायचं की घालवायचं हे ठरवू द्यावं, आणि ठेवायचं ठरलं तर गुमान ठेवावं. पहिल्या मतदानानंतर ते दुकान दीड वर्ष चाललं. आम्ही एक दगड मारला नाही.

तुमच्याकडं असा तोडगा आला तर माणसाला चहा पाजा, पण कागदावर सही करू नका. कार्यालयात 'गावात समझोता झालेला आहे' असं एक पत्र गेलं की तुमच्या फाईलवर धूळ बसलीच.

मतदानाचा दिवस

तारीख सरकार ठरवतं, पण विनंती करता येते. आमची पहिली तारीख लग्नसराईत आली आणि आम्ही गप्प बसलो. दुसऱ्या वेळी लेखी कळवलं की सुगीचे दिवस टाळा, लग्नाची दाट तिथी टाळा, बाजाराचा दिवस टाळा. तुमच्या गावातून ऊसतोडीला टोळ्या जात असतील तर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत मतदान घेऊच नका, निम्मं गाव फडात असतं.

पहिल्या वेळेची आणखी एक गोष्ट. मतदानाच्या आदल्या रात्री गावात ट्रॅव्हल्सची गाडी येऊन उभी राहिली. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, दोन दिवस, फुकट, जेवणासकट. पहिली नावं म्हाताऱ्यांची. पहाटे पाचला ५२ बायका देवाला गेल्या आणि आम्ही पोळ्या करत राहिलो. कुणी खर्च केला ते विचारू नका, आम्हीही विचारलं नाही. आम्ही पडलो १९ नं. दुसऱ्या वेळी आठवडाभर आधी आम्हीच घरोघर सांगितलं की देवदर्शन करायचंच आहे, मतदानानंतरच्या रविवारी, वर्गणी शंभर रुपये. वयस्कर बायकांना तेवढं पुरलं.

मुंबई-पुण्यातल्या बायकांची वेगळी यादी करा. घाटकोपर, कळंबोली, भोसरी, जिथं जिथं गाववाले आहेत तिथं एकेक जबाबदार बाई नेमा. आमच्या ४७ जणी आल्या, दोन गाड्या करून, डिझेलचे पैसे बचत गटातून. ओळखपत्र घरी विसरून दोघी आल्या आणि बाहेरच राहिल्या, तेव्हा गाडीत बसतानाच ओळखपत्र तपासा.

शिक्का मारायचा सराव घ्या. हसू नका. आमची २९ मतं बाद झाली होती, कुठं दोन्ही चित्रांवर शिक्का, कुठं मधल्या रेघेवर. आणि आमच्या हौसाआत्या. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही मुलं दारूनं गेली, मोर्चात सगळ्यांच्या पुढं. मतदान करून आल्या आणि समाधानानं म्हणाल्या, "मारला बाई शिक्का उभ्या बाटलीवर." मी म्हटलं, "अहो आत्या, उभ्या?" तर त्या म्हणाल्या, "पडलेली वस्तू उभी करावी एवढंच मला शिकवलंय. आडवी कशाला करू?"

यात त्यांचं काय चुकलं? मग दुसऱ्या वेळी आम्ही प्रचारात 'उभी', 'आडवी' हे शब्द मागं ठेवले. एक रिकामी काचेची बाटली घेतली, तांबडं पाणी भरलं आणि प्रत्येक गल्लीत ओट्यावर ती आडवी करून दाखवली. पाणी सांडलं की म्हणायचं, "अशी सांडायची." हौसाआत्यांच्या ओट्यावर केलं तेव्हा त्या दोन मिनिटं त्या ओल्या फरशीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असं सांगायचं ना मग आधी." सरावासाठी हातानं काढलेल्या चित्रांचे कागद आणि बचत गटाचा रबरी शिक्का वापरला, दोनशे कागद लागले.

त्या दिवशी प्रत्येक गल्लीची एक बाई यादी घेऊन बसवा. दुपारी बाराला आणि तीनला कोण आलं, कोण नाही ते बघा. तीननंतर नुसतं राहिलेल्यांच्या दारात जा. सकाळी दहाला गर्दी बघून खूश होऊ नका, त्या सगळ्या कशाही आल्याच असत्या.

दुसऱ्या वेळी मतं पडली ७४३. आडवी ६६८, उभी ६१, बाद १४. हवी होती ५७२. गुलाल या वेळी मीच नेला होता, पण दुसरा कागद वाचून होईपर्यंत पुडा उघडू दिला नाही.

कुलूप लागल्यावर

बंदीचा आदेश निघाला की त्याची सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंद करायला लावा. परवानेधारक वर अपिलात किंवा कोर्टात जाऊ शकतो, तो त्याचा हक्क आहे. वकिलाला विचारून कॅव्हेट टाकून ठेवा म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणार नाही. परवाना दुसऱ्या गावी हलवायची मागणीही होते. आमच्याकडं तसंच झालं.

आता एक गोष्ट, जी आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. दुकान बंद झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी रात्री एक बाई रडत आली. नवरा थरथर कापत होता, घामानं सदरा भिजलेला, आणि भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून भिंत झाडत होता. भिंतीवर काही नव्हतं. सासू म्हणत होती बाहेरचं आहे, मांत्रिकाला बोलवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की असं होतं, फिट्स येतात, जीवही जाऊ शकतो. १०८ ला फोन केला, तालुक्याला नेला, पाच दिवसांनी परत आला. मतदानाच्या आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा. गावात रोज पिणारे कोण ते बायकांना माहीत असतंच, त्यांची यादी करा (पुन्हा यादी) आणि त्या आठवड्यात त्यांच्या घरी लक्ष ठेवा. उपचाराला पाठवायचं तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनीच चालवलेल्या गटाच्या सभा बऱ्याच तालुक्यांच्या गावी भरतात.

दुसरा धोका हातभट्टीचा. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. चंद्रपूर जिल्ह्यात बायकांच्या मोठ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली, बेकायदा दारू वाढली हे कारण देऊन. ते कारण कुणाला पटो न पटो, पण तशी संधी आपण देऊ नये. बेकायदा दारूवर नजर ठेवायला ग्रामरक्षक दल स्थापन करायची तरतूद २०१६ मध्ये कायद्यात आली आहे, ग्रामसभेत विषय घ्या. आम्ही टपरीवाल्याला आधी घरी जाऊन सांगितलं, मग पोलीस. त्यानं आता वडापाव सुरू केलाय, बरा असतो, मीठ जरा जास्त.

आमचं दुकान सहा किलोमीटरवरच्या गावात गेलं. मला याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. चारेक महिन्यांनी त्या गावच्या दोन बायका एसटीनं आल्या, पिशवीत सह्यांची वही. तीनशेच्या वर सह्या, सुंदर अक्षर, प्रत्येक पानावर मागणी लिहिलेली. मी वही चाळली आणि विचारलं, मतदार यादी आणलीय का? "ती कशाला, बाई? गाव सगळं आमच्या बाजूनं आहे." मी चहा टाकला, मोबाईलवर त्यांच्या गावाची यादी उतरवली आणि त्यातल्या मोठीच्या हातात दिली. म्हटलं, आधी तुमच्या गेलेल्या सासूबाईंचं नाव यात आहे का बघा.